विश्लेषण : पेट्रोलच्या एका लिटरवर कर किती आणि दर चढले की दोष नेमका कोणाचा?

३१ मे २०१२. पेट्रोल दरवाढीच्या निषेधार्थ भाजपप्रणीत ‘रालोआ’चा भारत बंद. केंद्रात तेव्हा काँग्रेसप्रणीत सरकार होतं. १० सप्टेंबर २०१८. पुन्हा भारत बंद, कारणही तेच. या वेळी बंद काँग्रेसनं पुकारला होता आणि सरकार भाजपप्रणीत होतं. घोषणा जवळपास सारख्याच, फक्त झेंडे बदललेले. दोन्ही बंदच्या दुसऱ्या दिवशी पंपावर रांगेत उभा राहून टाकी भरणारा माणूस मात्र तोच होता.

त्याचा प्रश्न साधा आहे. आपण दिलेल्या शंभर रुपयांतले किती कोणाकडे जातात? टीव्हीवरच्या चर्चेत केंद्रवाले राज्याकडे बोट दाखवतात, राज्यवाले केंद्राकडे. दोघंही आपापल्या सोयीचे आकडे सांगतात आणि गंमत म्हणजे ते आकडे बहुतेक वेळा खोटे नसतात. अर्धे असतात.

एका लिटरचा हिशेब

एप्रिल २०२५ मध्ये केंद्रानं पेट्रोल आणि डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरमागे २ रुपयांनी वाढवलं. त्यानंतर मुंबईत पेट्रोल १०३.५० रुपये होतं. हाच दर धरून मोजू.

केंद्राचा वाटा लिटरमागे २१.९० रुपये. ही रक्कम ठरावीक आहे; कच्चं तेल महाग होवो वा स्वस्त, ती हलत नाही. राज्याचा वाटा दोन तुकड्यांत येतो. २५ टक्के व्हॅट आणि त्यावर लिटरमागे ५.१२ रुपये अधिभार. दरफलकावरून उलटं गणित केलं तर राज्याच्या वाट्याला सुमारे पावणेपंचवीस रुपये येतात. दोन्ही मिळून ४६ ते ४७ रुपये. म्हणजे दराच्या साधारण ४५ टक्के. उरलेल्या ५६-५७ रुपयांत कच्चं तेल, शुद्धीकरण, वाहतूक, तेल कंपन्या आणि पंपचालकाचं कमिशन.

यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. राज्याचा व्हॅट हा केंद्राचा कर मिळवून झालेल्या किमतीवर लागतो. २१.९० रुपयांवर २५ टक्के म्हणजे जवळपास साडेपाच रुपये. हा करावरचा कर. केंद्रानं शुल्क वाढवलं आणि ते दरात उतरलं, तर राज्याचं उत्पन्न काहीही न करता वाढतं. केंद्रानं कमी केलं, तर ते आपोआप घटतं. पुढचं सगळं राजकारण या एका ओळीवर उभं आहे.

२ रुपये ८ पैशांची गोष्ट

२१ मे २०२२ ला केंद्रानं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क ८ रुपयांनी आणि डिझेलवरचं ६ रुपयांनी कमी केल्याचं जाहीर केलं. मुंबईत पेट्रोल तेव्हा १२० रुपयांच्या वर होतं. दुसऱ्या दिवशी महाविकास आघाडी सरकारनंही जाहीर केलं की राज्य पेट्रोलवर २.०८ रुपये आणि डिझेलवर १.४४ रुपये कपात करत आहे; तिजोरीवर वर्षाला सुमारे २,५०० कोटींचा भार पडेल.

आता कॅल्क्युलेटर काढा. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत तेव्हा पेट्रोलवर २६ टक्के आणि डिझेलवर २४ टक्के व्हॅट होता. ८ रुपयांचे २६ टक्के किती? २.०८. ६ रुपयांचे २४ टक्के? १.४४.

पैशापर्यंत जुळणारं उत्तर. म्हणजे व्हॅटचा दर तसाच ठेवून, केंद्राच्या कपातीमुळे आपोआप घटणारा कर ‘राज्याची कपात’ म्हणून मांडला गेला. तिजोरीवरचा भार खोटा नव्हता, पैसे खरंच कमी येणार होते. पण तो निर्णय राज्याचा नव्हता, गणिताचा होता. विरोधातल्या भाजपनं यावरून टीकेची झोड उठवली आणि या मुद्द्यावर तरी ती बिनबुडाची नव्हती.

मग दुसरी बाजू? तीही पाहू. केंद्रानं ते ८ रुपये कमी केले ते कोणत्या उंचीवरून? एप्रिल २०१४ मध्ये पेट्रोलवरचं केंद्राचं शुल्क ९.४८ रुपये होतं. २०२० च्या सुरुवातीला ते २० रुपयांजवळ होतं. मार्च २०२० मध्ये ३ रुपये आणि मेमध्ये एका झटक्यात १० रुपये वाढवून ते ३२.९८ रुपयांवर नेलं गेलं. टाळेबंदीमुळे जगभर तेलाचे भाव कोसळले होते. ती स्वस्ताई पंपावर पोहोचण्याआधीच शुल्कात जिरली. नोव्हेंबर २०२१ मध्ये ५ आणि मे २०२२ मध्ये ८ असे १३ रुपये कमी झाले. म्हणजे २०२० ची वाढ बरोब्बर परत गेली, त्याआधीची वाढ तशीच राहिली. वर २०२५ मध्ये २ रुपये चढले.

तेव्हा केंद्राकडून येणारं उत्तर होतं तेलरोख्यांचं. यूपीए सरकारनं इंधन स्वस्त ठेवण्यासाठी १.४४ लाख कोटींचे रोखे काढले, त्याचं ओझं आम्ही वाहतोय, असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितलं. रोखे खरेच होते आणि ते पुढच्या सरकारच्या गळ्यात टाकणं शहाणपणाचं नव्हतंच. पण त्याच वेळी दिलेल्या माहितीनुसार सात वर्षांत त्यावर भरलेलं व्याज सुमारे ७० हजार कोटी होतं. पेट्रोल-डिझेलवरच्या उत्पादन शुल्कातून एकट्या २०२०-२१ या वर्षात केंद्राला सुमारे ३.७२ लाख कोटी मिळाले. ओझं होतं, पण इतकं नव्हतं.

राज्याला वाटा मिळतो, मग राज्य रडतं का?

‘केंद्राच्या करातले ४१ टक्के तर राज्यांनाच मिळतात’ हे वाक्य समाजमाध्यमांवर हमखास दिसतं. पंधराव्या वित्त आयोगाची शिफारस खरंच ४१ टक्क्यांची होती. मेख अशी की राज्यघटनेच्या अनुच्छेद २७० नुसार उपकर आणि अधिभार या वाटणीतून वगळलेले आहेत.

पेट्रोलवरच्या २१.९० रुपयांची फोड बघा : मूळ उत्पादन शुल्क १.४० रुपये, विशेष अतिरिक्त उत्पादन शुल्क १३ रुपये, रस्ते व पायाभूत सुविधा उपकर ५ रुपये, कृषी पायाभूत सुविधा उपकर अडीच रुपये. वाटणीत येतात ते फक्त पहिले १.४० रुपये. त्याचे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे, तेही सगळ्या राज्यांत मिळून. पंधराव्या आयोगाच्या सूत्रात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के होता. ५७ पैशांतून राज्याच्या वाट्याला आले साडेतीन पैसे आणि वर थोडंसं.

लिटरमागे साडेतीन पैसे. २०२०-२१ च्या त्या ३.७२ लाख कोटींपैकी सगळ्या राज्यांना मिळून २० हजार कोटींपेक्षा थोडे कमी दिले गेले, असं सरकारनंच राज्यसभेत सांगितलं होतं.

त्यामुळे २७ एप्रिल २०२२ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मुख्यमंत्र्यांच्या बैठकीत महाराष्ट्रासह काही राज्यांची नावं घेऊन व्हॅट कमी करण्याचं आवाहन केलं, तेव्हा उद्धव ठाकरे यांनी जीएसटीच्या थकीत भरपाईचा मुद्दा काढला. नोव्हेंबर २०२१ मध्ये भाजपशासित राज्यांनी केंद्राच्या पाठोपाठ व्हॅट उतरवला होता, काँग्रेसच्या पंजाबनंही, महाराष्ट्रानं नाही. बांदा-सावंतवाडीकडच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पत्रादेवी ओलांडून गोव्यात टाकी भरून येणं तिथं व्यवहारज्ञान समजलं जातं.

पण राज्यही धुतल्या तांदळासारखं नाही

केंद्राचे उपकर नावापुरते असतात, असं म्हणणाऱ्या महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये देवेंद्र फडणवीस सरकारनं दुष्काळासाठी पैसा हवा म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये लावले. एप्रिल २०१७ मध्ये महामार्गालगतची दारूदुकानं न्यायालयाच्या आदेशानं बंद झाली, महसूल बुडाला आणि पेट्रोलवरचा अधिभार ६ रुपयांवरून ९ रुपये झाला. दारू न पिणाऱ्या दुचाकीस्वारानं ती तूट भरून काढली, असा त्याचा सरळ अर्थ. मार्च २०२० च्या अर्थसंकल्पात १ रुपया, जून २०२० मध्ये आणखी २ रुपये. आता सरकार महाविकास आघाडीचं होतं. अधिभार १०.१२ रुपयांवर गेला.

जुलै २०२२ मध्ये एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले आणि तो ५ रुपयांनी उतरला. ५.१२ हा विचित्र आकडा तिथून आला. डिझेलवर ३ रुपये कमी झाले. जून २०२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई महानगरातला व्हॅट पेट्रोलवर २६ वरून २५ टक्के, डिझेलवर २४ वरून २१ टक्के करण्यात आला. २०२० ची १ रुपयाची वाढ आणि २०२४ ची ही कपात विधिमंडळात मांडणारे अर्थमंत्री एकच होते, अजित पवार. शिंदेही आघाडी सरकारात मंत्री होतेच. पक्ष आणि धोरण यांचं नातं शोधणाऱ्यानं इथं जरा थांबावं.

फलक कधी हलतो?

पेट्रोलचे दर २०१० पासून आणि डिझेलचे २०१४ पासून कागदोपत्री बाजाराच्या हाती आहेत. जून २०१७ पासून तर ते रोज बदलायचे आहेत. प्रत्यक्षात ४ नोव्हेंबर २०२१ ते २१ मार्च २०२२ या काळात दर जागचे हलले नाहीत. याच काळात उत्तर प्रदेश, पंजाब, गोव्यासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या आणि युक्रेन युद्धामुळे कच्चं तेल १०० डॉलरच्या वर गेलं. निकालानंतर १६ दिवसांत १४ वेळा दरवाढ होऊन पेट्रोल १० रुपयांनी चढलं. १५ मार्च २०२४ ला देशभर २ रुपयांची कपात लागू झाली. लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम दुसऱ्या दिवशी जाहीर झाला. राज्यातली २०२४ ची व्हॅटकपात विधानसभा निवडणुकीच्या काही महिने आधीची.

‘मी तर प्राप्तिकर भरत नाही’

समजा, एक डिलिव्हरी करणारा तरुण दिवसाला १०० किलोमीटर दुचाकी चालवतो. लिटरला ५० चं अ‍ॅव्हरेज धरलं तर रोज २ लिटर, महिन्याचे २६ दिवस धरून ५२ लिटर. त्यावरचा केंद्र आणि राज्याचा कर महिन्याला २,४०० रुपयांहून जास्त, वर्षाला सुमारे २९ हजार. त्याचं उत्पन्न महिना २०-२५ हजार असेल, तर प्राप्तिकर शून्य. २०२५ च्या अर्थसंकल्पानं नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त केलं, त्याचा याला काही उपयोग नाही. तो आधीच त्या रेषेच्या कितीतरी खाली आहे. आणि लिटरमागचा कर महागड्या एसयूव्हीच्या मालकाला जितका, तितकाच त्याला. करदात्यांच्या पैशांवरून वाद रंगतात तेव्हा हा तरुण स्वतःला करदाता समजत नाही. समोरचेही समजत नाहीत.

मग जीएसटीत का आणत नाहीत?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू आणि विमानाचं इंधन बाहेर ठेवलं गेलं. घटनादुरुस्तीत दार उघडं आहे, तारीख जीएसटी परिषदेनं ठरवायची. केरळ उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सप्टेंबर २०२१ च्या लखनऊ बैठकीत विषय आला आणि ‘ही वेळ नाही’ म्हणून बाजूला पडला.

कारण पुन्हा गणितातच आहे. वरच्याच हिशेबात करांशिवाय दर ५६.८० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी लावला तर कर सव्वादहा रुपये. ऐषारामाच्या वस्तूंचा ४० टक्के दर लावला तरी पावणेतेवीस, म्हणजे आताच्या निम्मा. आणि तो केंद्र-राज्यात अर्धा अर्धा वाटायचा. जीएसटीनंतर राज्यांच्या हाती स्वतःचे मोजकेच मोठे कर उरलेत : इंधनाचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर. त्यातला सर्वात सहज गोळा होणारा कर कोण सोडेल? त्यामुळे परिषदेत एरवी न जमणारं सर्वपक्षीय एकमत या विषयावर चटकन जमतं. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलात ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा कर २८ वरून १८ टक्के झाला. गाडी स्वस्त झाली, टाकीचा खर्च तेवढाच राहिला.

तुमच्या पंपावरचा हिशेब

हॉटेलच्या बिलावर केंद्राचा आणि राज्याचा जीएसटी वेगळा छापलेला असतो. पंपाच्या पावतीवर फक्त दर, लिटर आणि रक्कम. फोड स्वतःच करावी लागते, पण ती अवघड नाही. महाराष्ट्रात पेट्रोलच्या दरातून ५.१२ वजा करायचे, उरलेल्या रकमेला १.२५ नं भागायचं. आलेला आकडा मूळ दरातून वजा केला की जे उरतं, तो ढोबळमानानं राज्याचा कर. त्यात केंद्राचे २१.९० मिळवायचे. कोणी दर बदलला की फक्त तो एक आकडा बदलायचा. मुंबईत १०३.५० च्या दरानं स्कूटरमध्ये ५ लिटर टाकले तर बिल ५१७.५० रुपये, त्यात राज्याचे सुमारे १२४, केंद्राचे १०९.५०.