पच्चीकारीच्या मेजाविषयी काही प्रवाद

आग्र्याहून परतणाऱ्या प्रवाशाच्या सामानात पेठ्याची पेटी असावयाची हे ठरलेलेच. परंतु ज्याची ऐपत थोडी अधिक आणि हौस त्याहूनही अधिक, असा एखादा गृहस्थ संगमरवराची अष्टकोनी फळी, मध्यभागी कमळ आणि कडेने वेल असलेली, पेंढ्याच्या खोक्यात बांधून आणतो, आणि ती फळी घरातील लाकडी बैठकीवर स्थिरावते न स्थिरावते तोच तिच्याभोवती प्रवादांचीही एक वेल चढू लागते. आमच्या घरी असे एक मेज गेली कित्येक वर्षे नांदत आहे, त्याचे लाड आणि हाल दोन्ही मी पाहिले आहेत. तेव्हा त्या प्रवादांपैकी काहींचा खुलासा करण्याचा यत्किंचित अधिकार मला पोहोचतो, असे मी समजतो.

“रंग अजून किती ताजा राहिला आहे!” असे म्हणत पाहुणे कमळावरून बोट फिरवतात. वस्तुतः त्या कमळात रंगाचा एक थेंबही नाही. कारागीर संगमरवरावर प्रथम तांबडा लेप देतो आणि त्यावर अणकुचीदार टोकाने आकृती ओरखडतो, म्हणजे रेषा पांढऱ्या उठून दिसतात. मग अकीक, लाजवर्द, फिरोजा यांचे पातळ काप फिरत्या चाकावर कुरुंदाच्या भुकटीने घाशीत घाशीत पाकळीच्या नेमक्या आकारास आणतो, तेवढीच खाच संगमरवरात खोदतो, लुकणाने काप तीत बसवतो आणि शेवटी सारा पृष्ठभाग असा एकसपाट करतो, की डोळे मिटून बोट फिरवले तर फूल कोठे सुरू झाले आणि पांढरी भूमी कोठे संपली, हे कळू नये. केशरी दिसतो तो अकीक, निळा तो लाजवर्द, ज्याच्या पुरातन खाणी अफगाणिस्तानात बदख्शान प्रांतात आहेत. वर्ण हा त्या दगडांचा अंगचाच, वरून दिलेला नव्हे.

पच्चीकारीचे हे हुन्नर ताजमहालासाठी जन्मले आणि ताज पुरा होताच शहाजहानने कारागिरांचे हात तोडविले, ही कथा तर वाटाड्यांनी इतकी घोटली आहे की तिला इतिहासाची झिलई चढली आहे. नूरजहानने आपल्या वडिलांसाठी बांधविलेला इतिमादुद्दौलाचा मकबरा १६२८ साली पुरा झाला, आणि त्याच्या भिंती पच्चीकारीने भरलेल्या आहेत. मुमताजमहल तर त्यानंतर तीन वर्षांनी, १६३१ साली, आपल्या खानदेशाच्या उंबरठ्यावर बऱ्हाणपुरास निवर्तली. हात तोडल्याचा समकालीन दाखला एकही नाही. शिवाय १६३९ पासून दिल्लीस लाल किल्ला उठत होता आणि तेथील महालांनाही याच कामाची गरज होती. अशा वेळी हाताशी असलेल्या कसबी माणसांचेच हात छाटणारा बादशहा हिशेबाला फारच कच्चा म्हटला पाहिजे.

सर्वांत घातक प्रवाद मात्र निराळाच आहे, आणि तो घरातील प्रेमळ माणसांच्याच तोंडी असतो: “दगड तो, त्याला काय होणार?” मकराण्याचा संगमरवर झाला तरी तो मूळचा चुन्याच्या जातीचा; काठिण्याच्या दहाच्या मापनात त्याचे स्थान तिसरे, तर अकीकाचे जवळजवळ सातवे. म्हणजे या मेजात फुले कणखर आणि भूमी नाजूक, असा उलटा प्रकार आहे. आमच्या आत्याबाईंनी एका दिवाळीत पितळेची समई चिंचेने लखलखीत केली, आणि उरलेला कोळ वाया जाऊ नये या काटकसरीच्या बुद्धीने तो मेजाच्या एका कोपऱ्यावर बराच वेळ चोळला. पुसून पाहतात तो अकीकाच्या तीन पाकळ्या पूर्ववत चमकताहेत आणि त्यांच्याभोवतीचा संगमरवर मात्र फुंकर घातलेल्या आरशासारखा निस्तेज झाला आहे. तिरप्या उजेडात बोट फिरवले तर पाकळ्यांच्या कडा किंचित वर आल्यासारख्या लागत होत्या. तो डाग नव्हता. डाग वर बसतो किंवा आत मुरतो, येथे आम्लाने दगडच खाल्ला होता, आणि त्यावर पुन्हा घासून झिलई देण्यावाचून इलाज नसतो. लिंबू, कोकम, ताक, व्हिनेगर यांचा गुण हाच. हिरवा मॅलेकाइट आणि शिंपल्याचे तुकडे हेही आम्लापुढे असेच दुबळे.

तेलाचा आणि हळदीचा डाग ही मात्र मुरण्याची बाब, आणि तेथे मुलतानी मातीचा ओला लेप देऊन तो वाळू द्यावा. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग दस्तुरखुद्द ताजमहालालाही काळवंडल्यावर हाच लेप देत आला आहे. एरवी पिळलेले फडके आणि त्यामागोमाग कोरडे फडके, एवढे पुरे.

“मग वर काच टाका,” असे कोणीतरी सुचवतेच. काच टाकली की तिच्याखाली दमट हवेचा ओलावा कोंडतो, आणि वर छतावरचा दिवा व पंखा असे काही प्रतिबिंबित होतात की कमळाच्या जागी पंख्याची पातीच फिरताना दिसतात! पेल्याखाली एक चकती ठेवणे याहून सोपे आहे.

आता मांडणीचा प्रश्न. मेज सुंदर म्हणून त्यावर फुलदाणी, तिच्याखाली क्रोशाचा रुमाल, शेजारी छायाचित्राची चौकट आणि उरलेल्या जागी मासिके, असा आपल्याकडील शिरस्ता. यात मेज सजते अशी समजूत आहे, वास्तविक ते बुजते. फ्लॉरेन्सच्या कारागिरांनी घडवलेल्या अशा मेजांत बहुधा सारा पृष्ठभाग रंगीत दगडांनी जडलेला असतो. आग्र्याच्या कामात मोकळी पांढरी भूमी ही चित्राचाच भाग असते, गाण्यात दोन आलापांमधील विरामासारखी. तेव्हा मध्यभागी काहीही ठेवू नये. ठेवायचेच तर कडेला, ठेंगणे, तळाला बनातीचा तुकडा चिकटवलेले. कमळासारखी केंद्रातून उमलणारी नक्षी असेल तर मेज चहूबाजूंनी फिरता येईल असे दिवाणखान्याच्या मधोमध असावे. एकाच बाजूने पाहावयाची, मोर किंवा कुंभ असलेली नक्षी असेल तर ते भिंतीलगत शोभते. उजेड डोक्यावरून नको, बाजूने तिरपा यावा. खोली राजवाड्याची हवी, हीही भीती व्यर्थ आहे. शहाबादी फरशी आणि साधी सतरंजी यांच्यावर हे मेज भरजरी गालिच्यापेक्षा अधिक खुलते, कारण गालिच्याची नक्षी त्याच्याशी भांडू लागते. मात्र बैठक भक्कम हवी. दोन फुटी, पाऊण इंच जाडीची फळी पंधरा-सोळा किलो भरते.

अस्सल कोणते आणि नकली कोणते, याविषयी थोडक्यात इतकेच की शंखजिऱ्याच्या फळीवर खालच्या बाजूस नखानेही ओरखडा उठतो, संगमरवरावर उठत नाही; “पिढ्यान्‌पिढ्यांचे जुने काम” हे दुकानदाराचे शब्द मात्र कोणत्याही कसोटीस लावण्याच्या भरीस पडू नये.

आमच्या मेजाचा तो कोपरा आम्ही झिलईसाठी कधी पाठविला नाही. आत्याबाईंची चष्म्याची डबी हल्ली तेथे असते. त्या ती पोथी वाचून झाल्यावर, तीन पाकळ्या न झाकता, नेमकी त्या निस्तेज जागेवर ठेवतात.