पांढरी खूण, लाल खूण

सायलेन्सरमधून काळा धूर, गाडीमागे उभं राहिलं की डोळ्यांना झोंबणारा पेट्रोलचा वास, आणि आयडलिंगला थरथरणारं बॉनेट. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात आलेली ही पहिल्या पिढीची होंडा सिटी. टायमिंग बेल्ट बदलल्यापासून मिसिंग मारते, असं मालकाचं म्हणणं. बेल्ट दुसरीकडे बदललेला. तिथेच मग नवे प्लग पडले, हायटेन्शन वायरी पडल्या, शेवटी मॅप सेन्सरही. फरक काही नाही.

मिस्त्रींनी प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. चारही सारखेच काजळलेले. एकच काळा असता तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर नाहीतर वायर बघायची. चारही काळे म्हणजे दोष सगळ्यांना मिळून आहे. १-३-४-२ हा फायरिंगचा क्रम बरोबर होता. चेक इंजिनच्या दिव्यानंही कुठला कोड दाखवला नाही.

ही गाडी आत किती हवा गेली ते थेट मोजत नाही. मॅप सेन्सरनं मोजलेल्या मॅनिफोल्डमधल्या दाबावरून अंदाज बांधते. व्हॅक्यूम पडला की ईसीयूला वाटतं, ड्रायव्हरनं पॅडल दाबलंय, आणि तो पेट्रोल वाढवतो. म्हणजे मॅप सेन्सर खरंच सांगत होता. बिघडलेल्या इंजिनाचं खरं. तरी आपल्याकडे आधी सेन्सरच बदलला जातो, कारण तो दोन स्क्रूत निघतो.

व्हॅक्यूम गेज लावलं. समुद्रसपाटीला ठणठणीत इंजिन १८ ते २० इंच दाखवतं. कोल्हापूर सुमारे ५५० मीटर उंचावर, म्हणून दोनेक इंच कमी धरायचे. इथे काटा त्याच्याही बराच खाली, पण स्थिर. व्हॉल्व्ह जळालेला असता तर काटा ठरावीक तालात हिसके देतो.

कॉम्प्रेशन उत्तम निघालं. मालकाचा चेहरा खुलला, मिस्त्रींचा नाही. "कॉम्प्रेशन चांगलं म्हणजे टायमिंग चांगलं, असं नसतंय साहेब." बेल्ट मागे सरकला तर कॉम्प्रेशन पडतं. पुढे सरकला तर इनटेक व्हॉल्व्ह लवकर मिटतो आणि स्टार्टरवर फिरवताना आकडा उलट वाढू शकतो. पण तोच व्हॉल्व्ह लवकर उघडतोही, त्यामुळे जळालेला वायू मॅनिफोल्डमध्ये उलटा शिरतो. व्हॅक्यूम पडतो तो इथे.

टायमिंग लाइटखाली ठिणगी अगदी जागेवर होती. मिस्त्रींनी मात्र लाइट ठेवून डिस्ट्रिब्युटरच्या बोल्टकडे बोट केलं. बोल्ट खाचेच्या अगदी टोकाला गेलेला. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टच्या टोकावर बसतो. कॅम पुढे गेला की ठिणगीही पुढे जाते. आधीच्या फिटरनं डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी जागेवर आणली आणि व्हॉल्व्ह तसेच राहिले. मला विचाराल तर खरा गुन्हा हा. बेल्ट चुकणं समजू शकतं, पण या दुरुस्तीनं चुकीचा मागच पुसला गेला.

कव्हर उघडलं. क्रँकच्या पुलीवर पांढरी खूण पिस्टन वरच्या टोकाला आल्याची. तिच्याजवळ तीन खुणांचा जुडगा, त्यातली मधली लाल, ठिणगीच्या टायमिंगची. दोघींत साधारण १६ अंशांचं अंतर. बेल्टचा एक दात म्हणजे क्रँकचे जवळपास तेवढेच अंश. कॅमच्या पुलीवरचा 'अप' वर ठेवला आणि खाली पांढरीऐवजी लाल खूण जुळवली, की बेल्ट एक दात चुकून बसतो आणि बसवणाऱ्याला सगळं जुळलेलंच दिसतं. ऑइलच्या थराखाली लाल-पांढरं ओळखू येत नाही, हेही खरं.

बेल्ट पुन्हा चढला. टेन्शनर ढिला ठेवून क्रँक डावीकडे, कॅमच्या पुलीचे तीन दात सरकतील इतका फिरवला. हे इंजिन घड्याळाच्या उलट दिशेनं चालतं आणि ताणही त्याच दिशेनं बसवायचा असतो. मग हातानं पूर्ण दोन फेरे देऊन खुणा परत बघितल्या. डिस्ट्रिब्युटर खाचेच्या मधोमध आला, गेजचा काटा चढला, धूर थांबला.

मिस्त्रींनी डिपस्टिक मालकाच्या नाकाशी धरली. ऑइलला पेट्रोलचा वास. सिलिंडरच्या भिंती धुऊन खाली उतरलेलं पेट्रोल ऑइल पातळ करतं, बेअरिंगला ते सोसत नाही. ऑइल आणि फिल्टर आजच बदला, म्हणाले. सेन्सरचे पैसे निमूट देऊन आलेला मालक ऑइलच्या पैशांवरून घासाघीस करत बसला.