बाळाचे श्वास मोजताना

हिंगण्याच्या एमआयडीसीलगतच्या वस्तीत कामगारांच्या भाड्याच्या खोल्या एकाला एक लागून आहेत. त्यातल्या एका खोलीत आशाताई, म्हणजे वस्तीची आरोग्य कार्यकर्ती, आली आणि तिने आधी साबण मागितला. कोपरापर्यंत हात धुतले, तसेच वाळू दिले. बाळंतीण आदल्या संध्याकाळीच सरकारी दवाखान्यातून घरी आली होती. बाळाचा तिसरा दिवस.

श्वास मोजायचे ते बाळ शांत असताना. रडू लागलं की आकडा फसवतो. ताईने दुपटं बाजूला केलं, घड्याळ बाळाच्या पोटाजवळ धरलं आणि पूर्ण मिनिटभर कुणाला बोलू दिलं नाही. साठ किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. पुन्हा तेवढेच आले तर थेट दवाखाना. इथे पन्नासच्या आत होते. मग काखेत थर्मामीटर. शेवटी वजन: रिकाम्या झोळीसह काटा शून्यावर आणला, बाळाला झोळीत घालून अंथरुणापासून जेमतेम वर उचललं. काटा अडीच किलोच्या खाली, पिवळ्या पट्ट्यात थांबला.

"तेल लावून आंघोळ घालू का जी बाळाले?" आजीने विचारलं.

"वजन भरू द्या, आजी. आता मायच्या छातीशी ठेवा. नाळेले काहीच लावू नका."

घरी येऊन नवजात बाळाला असं तपासण्याची ही पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बायकांच्या हाती दिली. तिचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०११ मध्ये ती देशभरातल्या आशांच्या कामात आली. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमही त्याच वर्षी १ जूनला सुरू झाला: बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तपासण्या, दवाखान्यातलं जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी, सगळं मोफत. आजारी बाळाच्या मोफत उपचारांची मुदत आधी ३० दिवस होती, पुढे वर्षभराची झाली.

बाळंतपण दवाखान्यात झालं की काळजी मिटली, असं घरचे धरून चालतात. मला ते धोक्याचं वाटतं. अशा लहान बाळाचं खरं कठीण काम घरी आल्यावरच सुरू होतं, आणि ते ज्या बाईवर सोपवलं तिला सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरवले गेले. हा मोबदला तिच्या कामाला शोभणारा नाही.

घरातल्या कुणाचं बाळंतपण असेल तर दवाखान्यातून सुट्टीच्या वेळी परतीसाठी १०२ ची गाडी मागून घ्या. बाळंतीण माहेरी जाणार असेल तर तिथल्या आशाताईला आधीच कळवा. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशीची भेट हा बाळाचा हक्क आहे. ताई आली नाही तर तिला बोलावून घ्या.