हिंमत कामामागून येते

दहावीचा निकाल लागला की आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांकडे अम्मी-अब्बा येतात. जळगाव असो की धुळे, तक्रार तीच : "सर, याच्यात कॉन्फिडन्सच नाही." मग मुलाला एखाद्या व्याख्यानाला पाठवतात. टाळ्या वाजतात, दोन दिवस जोश टिकतो, तिसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा बंद.

आधी हिंमत आणि मग काम, हा हिशेबच आम्हाला उलटा वाटतो.

साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे डॉ. राजेंद्र भारूड पाहा. १९८८ साली भिल्ल कुटुंबात जन्म. वडील त्याआधीच वारलेले. आई मोहाची दारू विकून घर चालवायची. (दारू आपल्याकडे हराम, हे खरेच, पण त्या विधवेला दुसरा धंदा कोणी दिला होता?) गिऱ्हाइके छोट्या राजेंद्रला शेंगदाणे, फुटाणे आणायला पिटाळायची आणि वर चार पैसे द्यायची. त्यातून तो पुस्तके घ्यायचा. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी त्याची हुशारी हेरली आणि आईला सांगितले, याला नवोदयला पाठवा. पुढे अक्कलकुव्याचे नवोदय विद्यालय, मुंबईत एमबीबीएस, मग यूपीएससी. 'मी एक स्वप्न पाहिलं' या पुस्तकात त्यांनी हे सगळे लिहिले आहे.

आम्हाला मात्र पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. ते शेजारच्या नंदुरबारचे जिल्हाधिकारी झाले. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत ठिकठिकाणी ऑक्सिजनसाठी धावाधाव चालली होती, तेव्हा नंदुरबारकडे स्वतःचे ऑक्सिजन प्रकल्प होते, कारण त्यांनी ते आधीच उभे करायला घेतले होते. डॉक्टरकीचे शिक्षण असे कामी आले. एक पेपर सुटला म्हणून पुढच्याची उमेद आली, आणि शिकलेले कोणाच्या तरी उपयोगी पडले.

आपल्या मुलांची अडचण थोडी वेगळी आहे. गल्लीत अहिराणी झोकात बोलणारा मुलगा तहसील कचेरीत मराठी बोलताना अडखळतो. अर्ज अब्बा भरतात किंवा एजंट भरतो. आमचा आग्रह एवढाच की आठवीपासून बँकेची स्लिप, एसटीच्या पासाचा अर्ज, शिष्यवृत्तीचा फॉर्म मुलाने, आणि मुलीनेही, स्वतः मराठीत भरावा. खाडाखोड होऊ द्या. चार-पाच फॉर्म झाले की आवाज बदलतो, हे आम्ही वर्गात पाहतो.

"शिकून तरी नोकरी कोण देणार?" हा प्रश्न घरोघरी आहे, आणि तो खोटा नाही. जालना जिल्ह्यातल्या शेलगावचे अन्सार शेख रिक्षाचालकाचे चिरंजीव, मराठी माध्यमात शिकलेले. आडनावामुळे पुण्यात खोली मिळेना, म्हणून मित्राचे नाव सांगावे लागले, हे त्यांनीच सांगितले आहे. त्यांच्या शिक्षणासाठी भाऊ गॅरेजमध्ये राबला. २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत, वयाच्या २१ व्या वर्षी, त्यांचा ३६१ वा क्रमांक आला. भेदभाव होताच, अभ्यासही चालूच होता.

प्रत्येक मूल कलेक्टर होणार नाही, व्हायलाही नको. चांगली नर्स, चांगला वायरमनही मोहल्ल्याला हवाच आहे. मुलाला "काय होणार?" ऐवजी "कोणाच्या कामी येणार?" असे विचारून पाहा, उत्तर लवकर मिळते.

आणि ज्यांची मुले यंदा पाचवीत आहेत, त्यांनी नवोदयच्या सहावी प्रवेश परीक्षेच्या अर्जाची तारीख शाळेत आत्ताच विचारून ठेवावी. दरवर्षी कितीतरी घरांना ती निघून गेल्यावर कळते.