रोजचं विज्ञान : हेल्मेटमधलं घोंगावणं

साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटापर्यंत कानात नुसतं घोंगावत होतं. दोष इंजिनाचा नव्हता, माझ्या जुन्या धाटणीच्या उघड्या हेल्मेटचा होता. (दिसतं मात्र झकास!)

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारा, घूं आवाज येतो. हेल्मेटच्या खालच्या कडेशीही तसंच काहीसं होतं. कडेवरून सुटलेल्या हवेचे भोवरे होतात आणि कानाजवळची पोकळी घुमू लागते. पुढचा छज्जा, बटणं, फडफडणारं पट्ट्याचं टोक त्यात भर घालतात. वेग दुप्पट झाला की आवाज कितीतरी पटींनी चढतो.

म्हणून नवं हेल्मेट घेताना आयएसआय खूण पाहिल्यावर पट्टा आवळून डोकं हलवा. हेल्मेटबरोबर गालाची कातडीही ओढली गेली पाहिजे. दहा मिनिटांनी कपाळावर एकाच जागी टोचू लागलं, तर दुसरं मागवा.