मेंदूच्या आवरणाचा दाह : जिवाणू की विषाणू? रक्तातील दाहसूचक तपासण्यांचा उपयोग आणि मर्यादा



वार्षिक सभेत हिशेबपत्रके मांडली जात असताना एका ज्येष्ठ विश्वस्तांनी प्रयोगशाळेच्या खर्चातील एका रकमेवर बोट ठेवले. 'प्रोकॅल्सिटोनिन' या तपासणीवर एवढा खर्च का होतो, आणि ज्यांच्या बिलाचा भार निर्धन रुग्ण निधीवर पडतो त्या मुलांसाठीही ती का केली जाते, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने सभेत मला त्याचे समाधानकारक उत्तर देता आले नाही. त्यानंतर बालरोग विभाग आणि प्रयोगशाळेतील डॉक्टरांकडून जे समजावून घेतले, ते आपणांसमोर ठेवत आहे.

आजार एक, कारणे अनेक

मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ पडद्यांचे आवरण असते. त्या आवरणाला आलेली सूज म्हणजे मेनिंजायटिस. तीव्र ताप, डोकेदुखी, उलट्या, मान आखडणे, उजेड सहन न होणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत. तान्ह्या मुलांत मान आखडेलच असे नाही. मूल नुसते मलूल होते, दूध ओढत नाही, किरकिर करते किंवा टाळू फुगलेली दिसते.

हा दाह जिवाणूंमुळे झाला असेल तर प्रत्येक तास मोलाचा असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जिवाणूजन्य मेनिंजायटिस झालेल्या दर सहा रुग्णांपैकी एक दगावतो आणि वाचलेल्यांपैकी दर पाचांतील एकाला बहिरेपणा, फिट्स यांसारखे गंभीर परिणाम मागे राहतात. याउलट ज्यात नेहमीच्या तपासणीत जिवाणू सापडत नाहीत, त्या ॲसेप्टिक प्रकारात बहुधा आतड्यांतील विषाणूंचा गट कारणीभूत असतो आणि बहुतेक मुले आठ-दहा दिवसांत विशेष औषधाविना बरी होतात. तेथे प्रतिजैविकांचा काहीच उपयोग नसतो.

अडचण अशी की पहिल्या दिवशी दोन्ही मुले सारखीच दिसतात. म्हणून डॉक्टर धोका पत्करत नाहीत. जिवाणूंची शंका असेल तर प्रतिजैविकाचा पहिला डोस ताबडतोब दिला जातो. कोणत्याही रक्ततपासणीच्या निकालासाठी तो थांबवला जात नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे.

मणक्यातील पाण्याची तपासणी

निदानाचा मुख्य आधार आजही पाठीच्या मणक्यातील पाण्याची तपासणी हाच आहे. जर्मन वैद्य हाइनरिख क्विंके यांनी 1891 मध्ये ही पद्धत रूढ केली. त्या पाण्यातील पेशींची संख्या व प्रकार, प्रथिने आणि साखर मोजली जाते, सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू शोधले जातात आणि कल्चर लावले जाते. जिवाणूजन्य आजारात पांढऱ्या पेशी पुष्कळ वाढतात, प्रथिने वाढतात आणि साखर उतरते.

संमतिपत्रावर सही करताना आईवडिलांचा हात थबकतो, हे आम्ही वारंवार पाहतो. 'पाठीतून पाणी काढल्यावर मूल अधू होईल का?' ही भीती मनात असते. मज्जारज्जू जेथे संपतो त्याच्या खालच्या भागात सुई घातली जाते, त्यामुळे ही भीती अनाठायी आहे. काही काळ डोके वा पाठ दुखू शकते, एवढेच. मूल बेशुद्ध असेल, वरचेवर फिट्स येत असतील किंवा रक्त गोठण्यात दोष असेल तर डॉक्टर स्वतःच ही तपासणी पुढे ढकलतात व उपचार आधी सुरू करतात.

मग रक्ताची तपासणी कशासाठी?

कल्चरचा निकाल हाती येण्यास दोन ते तीन दिवस लागतात. शिवाय येथे येण्यापूर्वी अनेक मुलांना बाहेर प्रतिजैविक मिळालेले असते. त्यामुळे पाण्यात जिवाणू वाढत नाहीत आणि चित्र धूसर होते. अशा वेळी शरीराने संसर्गाला दिलेला प्रतिसाद रक्तातून मोजता येतो. त्या प्रतिसादात वाढणाऱ्या घटकांना दाहसूचक घटक म्हणतात. पूर्वापार चालत आलेली ईएसआर ही तपासणी त्यांपैकीच, परंतु ती सावकाश वाढते व सावकाश उतरते, म्हणून येथे तिचा फारसा उपयोग नाही.

पहिला उपयुक्त घटक सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टिलेट व फ्रान्सिस यांनी 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात तो प्रथम ओळखला. तो यकृतात तयार होतो, दाह सुरू झाल्यावर काही तासांतच वाढू लागतो आणि साधारण दोन दिवसांत सर्वोच्च पातळी गाठतो. दाह शमला की सुमारे 19 तासांत त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. म्हणून रोगी सुधारत आहे की नाही, हे पाहण्यास तो उपयोगी पडतो.

दुसरा घटक प्रोकॅल्सिटोनिन. निरोगी माणसात गलग्रंथी कॅल्सिटोनिन हे संप्रेरक बनवताना तो मधल्या टप्प्यावर तयार होतो आणि रक्तात जवळपास आढळत नाही. गंभीर जिवाणूसंसर्गात मात्र शरीरातील अनेक पेशी तो निर्माण करू लागतात. ही गोष्ट फ्रान्समधील संशोधकांनी 1993 मध्ये प्रसिद्ध केली. विषाणूसंसर्गात शरीर जे इंटरफेरॉन तयार करते ते या निर्मितीला आवर घालते, म्हणून तेथे पातळी सहसा कमी राहते. या फरकामुळेच दोन प्रकार वेगळे ओळखण्यास या तपासणीची मदत होते.

2008 मध्ये युरोपातील अनेक रुग्णालयांतील मेनिंजायटिस झालेल्या 198 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 96 मुलांचा आजार जिवाणूजन्य होता. मिलिलिटरमागे 0.5 नॅनोग्रॅम ही सीमारेषा धरली असता जिवाणूजन्य आजाराच्या 99 टक्के मुलांत प्रोकॅल्सिटोनिन तेवढे किंवा त्याहून अधिक आढळले. ॲसेप्टिक प्रकारच्या 83 टक्के मुलांत ते त्याहून कमी होते. याचा अर्थ, आकडा कमी असल्यास त्यावर बराच भरवसा ठेवता येतो, पण ॲसेप्टिक प्रकारच्या शंभरातील 17 मुलांबाबत वाढलेला आकडा फसवा ठरू शकतो.

मर्यादा

आमच्या डॉक्टरांनी हा भाग आवर्जून लिहिण्यास सांगितले. जन्मानंतर पहिले दोन-तीन दिवस बाळाच्या रक्तात प्रोकॅल्सिटोनिन स्वाभाविकपणेच वाढलेले असते. मोठी शस्त्रक्रिया, भाजणे, गंभीर अपघात, मलेरिया यांतही ते वाढते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे क्षयरोगाच्या मेनिंजायटिसमध्ये ते फारसे वाढेलच असे नाही. आपल्या देशात क्षयरोग दृष्टिआड करता येत नाही. आठवडाभर रेंगाळलेला ताप, वजन घटणे, घरात क्षयाचा रुग्ण असणे अशी पार्श्वभूमी असता, आकडा कमी आहे म्हणून निश्चिंत राहणे घातक ठरेल. नागीण गटातील विषाणूमुळे मेंदूलाच सूज आली असेल तर त्यावर वेगळे औषध तातडीने द्यावे लागते, आणि तेही या आकड्यावरून कळत नाही. आधी घेतलेल्या प्रतिजैविकाने हे आकडेही उतरू शकतात.

म्हणून कोणताही एक आकडा निर्णय देत नाही. मुलाची प्रकृती, मणक्यातील पाणी, कल्चर आणि रक्तातील खुणा यांचा ताळमेळ घालूनच डॉक्टर निष्कर्षाप्रत येतात.

खर्चाचा हिशेब

सीआरपी काहीशे रुपयांत होते, प्रोकॅल्सिटोनिनला त्याच्या कित्येक पट खर्च येतो. म्हणून ते सरसकट केले जात नाही, जेथे चित्र संदिग्ध आहे तेथेच केले जाते. तिसऱ्या दिवशी कल्चर निरंक आले, मूल सुधारले, रक्तातील दोन्ही आकडेही कमीच राहिले, तर डॉक्टरांना प्रतिजैविक थांबवण्याचे धैर्य मिळते. अन्यथा संशयापोटी ते दहा ते चौदा दिवस शिरेतून द्यावे लागते. तेवढे दिवस मुलाच्या हाताला सुई, आईचा मुक्काम खाटेशेजारी आणि वडिलांची मजुरी बुडालेली, शिवाय ती खाट दुसऱ्या रुग्णाला मिळत नाही. अनावश्यक प्रतिजैविकांनी जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात, हे नुकसान तर कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी एकूण देयकांच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते, तसेच 10 टक्के खाटा निर्धन व 10 टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवावयाच्या असतात. हा निधी मर्यादित आहे. त्यातून एक महागडी तपासणी केल्याने दहा दिवसांचा अनावश्यक उपचार टळत असेल, तर तो खर्च योग्य होय, असे माझे नम्र मत आहे. सभेत देता न आलेले उत्तर ते हेच.

नातेवाईकांस विनंती

मुलाला ताप असून मान आखडली, झापड आली किंवा फिट आली तर घरी थांबू नये. आधी दिलेल्या औषधांची चिठ्ठी व वेष्टने सोबत आणावीत. मणक्यातील पाण्याच्या तपासणीस नकार देण्यापूर्वी आपली शंका डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावी. या आजाराच्या दोन प्रमुख जिवाणूंविरुद्धच्या लसी शासकीय लसीकरणात विनामूल्य मिळतात. हिब जिवाणूपासून रक्षण करणारी पंचसंयुक्त लस 2011 पासून, तर न्यूमोकोकसची लस 2017 पासून टप्प्याटप्प्याने देशभर देण्यात आली. त्यांचे सर्व डोस वेळेवर पूर्ण करावेत.

देणगीदारांच्या औदार्यामुळेच संशयाच्या त्या तीन दिवसांत गरीब घरच्या मुलालाही आवश्यक ती तपासणी मिळू शकते.  

प्रशासक