वळवाचं वजन

एप्रिल-मे महिन्यात दुपारी तीन-चारला उदगीरवर चढणारा वळवाचा ढग नकाशावर शोधूनही सापडत नाही. एक मध्यम ढग धरू. पाच किलोमीटर लांब, पाच किलोमीटर रुंद एवढ्या शिवारावर अर्ध्या-पाऊण तासात २० मिलिमीटर पाऊस पाडून तो विरतो. शेजारच्या गावात धूळसुद्धा बसत नाही. पण त्या एका सरीचं पाणी ५० कोटी लिटर भरतं. वजन ५ लाख टन.

हा आकडा लातूर जिल्ह्यात समजावून सांगावा लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे लातूरला पाणी आणत होती. १२ एप्रिलला आलेल्या पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होतं. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर आणू लागली. अशा पन्नास वाघिणींच्या २०० गाड्या म्हणजे आपला हा एक ढग. शंभरावर फेऱ्यांत जलदूतने जेवढं पाणी आणलं, त्याच्या जवळपास दुप्पट.

आणि हे सगळं पाणी वाफ होऊन वर गेलेलं असतं. एक किलो वाफेचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता मोकळी होते. ५ लाख टनांचा हिशेब मांडला की जवळजवळ ३५ कोटी युनिट निघतात. २०११ च्या जनगणनेत उदगीर शहराची लोकसंख्या लाखाच्या थोडी वर होती. वीसेक हजार घरं धरू. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या त्या सगळ्या घरांना एवढी ऊर्जा चौदा वर्षं पुरून उरेल. तिचा मोठा वाटा हवा तापवण्यात आणि वर चढवण्यातच खर्ची पडतो. वाऱ्याच्या वाट्याला थोडीच येते, पण पत्रे उडवायला आणि झाडावरच्या कैऱ्यांचा सडा घालायला तेवढी पुरते. लिंबाएवढी गार ढगात तोलून धरायची तर खालून ताशी शंभर किलोमीटरच्या घरातला झोत लागतो. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यावर जी गारपीट झाली, तिच्यामागे असे झोत होते.

एवढं प्रचंड काही येणार असेल, तर ते आधी कळत का नाही?

अंदाजाचं गणित करणारी यंत्रं कमी पडतात म्हणावं, तर त्यांचे आकडेही छाती दडपवणारे आहेत. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये पृथ्वीचा पृष्ठभाग सहा-सहा किलोमीटरच्या चौकोनांत विभागला आहे. पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे चौकोन झाले सुमारे १ कोटी ४० लाख. प्रत्येकावर हवेचे ६४ थर धरले, तर नव्वद कोटी खोके. प्रत्येक खोक्यातलं तापमान, दाब, वारा आणि बाष्प पुढच्या काही मिनिटांत किती बदलेल हे काढायचं, आणि मग तेच पुन्हा, दहा दिवस पुढचं दिसेपर्यंत. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत असलेला ‘अर्क’ महासंगणक ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचा आहे: सेकंदाला ११,७७० लाख कोटी आकडेमोडी. जगातल्या ८०० कोटी माणसांनी दर सेकंदाला एक याप्रमाणे अखंड आकडेमोड केली, तर अर्कच्या एका सेकंदाचं काम संपायला सतरा दिवस लागतील.

तरीही ७,१५७ चौरस किलोमीटरच्या लातूर जिल्ह्याच्या वाट्याला या जाळीत दोनशेच चौकोन येतात, आणि आपला ढग त्यातल्या एका चौकोनापेक्षाही लहान आहे. कोणताही आकार नीट उमटायला सहा-सात चौकोन लागतात, म्हणजे चाळीसेक किलोमीटर. एकटादुकटा ढग म्हणूनच प्रत्यक्ष दिसत नाही. तो सूत्रानं अंदाजावा लागतो. जाळी निम्मी बारीक केली की चौकोन चौपट होतात, वेळेची पावलंही निम्मी करावी लागतात, म्हणून काम आठपट वाढतं. सहा किलोमीटरवरून एकावर यायचं तर २१६ पट.

म्हणून ‘यलो अलर्ट’ सगळ्या जिल्ह्याला येतो. असे दहा ढग फुटले तरी जिल्ह्याचा शंभरातला साडेतीन भाग भिजतो. बाकीच्यांना अंदाज चुकला असं वाटतं, पण तो चुकलेला नसतो.

माझ्या मते खरी अडचण संगणकाच्याही आधीची आहे. वरच्या हवेची खबर आणणारे फुगे देशात पन्नास-साठ ठिकाणांहून सुटतात, पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. लातूरसारखे आठ जिल्हे मिळून एक फुगा, तोही ढग जमायच्या दहा तास आधीचा. या दिवसांत वायव्येचे कोरडे वारे आणि बंगालच्या उपसागरावरचे दमट वारे यांची गाठ विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाकडे जाणाऱ्या पट्ट्यात पडते. तो पट्टा पन्नास किलोमीटर सरकला की उदगीरचा पाऊस बिदरला पडतो. जमिनीलगत एका अंशाचा फरक किंवा किलोभर हवेत ग्रॅमभर बाष्प कमी, एवढ्यानं ढग फुटतो किंवा मुळीच जमत नाही. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाची दोन हजारांवर हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक उभी राहिली ही मोठी गोष्ट आहे. पण एका केंद्राला सुमारे दीडशे चौरस किलोमीटर सांभाळायचे असतात. पर्जन्यमापकाचं तोंड वीस सेंटीमीटर व्यासाचं धरलं, तर पावणेपाचशे कोटींतल्या एका भागावर पडलेलं पाणी मोजून आपण सगळ्या मंडळाचा पाऊस ठरवतो. पीकविम्याची भरपाईसुद्धा अशाच मोजणीवर अडते किंवा सुटते.

रडारचंही तसंच आहे. हैदराबादचं रडार उदगीरपासून सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटरवर. त्याचा अर्ध्या अंशानं वर रोखलेला किरण पृथ्वीच्या गोलाईमुळे इथं पोहोचेपर्यंत तीन किलोमीटरहून उंच गेलेला असतो. ढगाला जन्म देणारी दमट हवा असते खालच्या किलोमीटर-दीड किलोमीटरमध्ये. इन्सॅट उपग्रह तर ३६,००० किलोमीटरवरून ढगाचा माथा बघतो. मूळ जिथं आहे तिथं कुणाचीच नजर नीट जात नाही, आणि तीन तासांचा तातडीचा इशारा याच नजरेवर अवलंबून असतो. सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या ‘मिशन मौसम’चे २,००० कोटी रुपये खर्ची पडताना बालाघाटाच्या या पठाराचा विचार आधी व्हावा. शंभर किलोमीटर पल्ल्याचं लहान रडार उदगीरला उभं राहिलं, तर लातूर, बिदर आणि नांदेड ही तिन्ही शहरं त्याच्या टप्प्यात येतात. साठ किलोमीटरवर त्याचा किरण जमिनीपासून जेमतेम पाऊण किलोमीटर उंच असेल.

२०२२ मध्ये देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली. विजेची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲप वीज कडाडू लागल्यावर सावध करतं. रडार त्याच्याही आधी, ढग भरत असतानाच दाखवू शकतं. एकटा ढग वाटेतच विरेलही, पण रांगेनं येणारं वादळ ताशी चाळीस किलोमीटरनं सरकत असेल, तर साठ किलोमीटरवर दिसल्यापासून हाताशी दीड तास राहतो. अडतीत उघड्यावर पडलेली तूर झाकायला, झाडाखाली बांधलेली बैलजोडी सोडून गोठ्यात न्यायला आणि रानातल्या माणसांना फोन करून घरी बोलवायला दीड तास पुष्कळ होतो.